धूळ समजून पुसलेली सही

गेल्या उन्हाळ्यात मी मुंबईतील एका संगीत कंपनीच्या आर्ट विभागात आठ आठवड्यांची इंटर्नशिप केली. पुण्यात कम्युनिकेशन डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला असताना ‘म्युझिक इंडस्ट्रीत काम’ म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते, त्यात नवे गायक, फोटोशूट आणि रात्री उशिरापर्यंत चालणारे स्टुडिओ असतात. प्रत्यक्षात माझ्या वाट्याला आली ती चार जुनी, कोपरे झिजलेली कव्हरे. कंपनी आपल्या साठ्यातील चार मराठी एलपी, म्हणजे ग्रामोफोनच्या मोठ्या तबकड्या, पुन्हा व्हिनाइलवर काढणार होती. मूळ चित्रे आणि छपाईच्या फिल्म केव्हाच नाहीशा झालेल्या असल्यामुळे छापील कव्हरच स्कॅन करून, साफ करून, पुन्हा छपाईयोग्य करणे हे माझे काम होते.

हे काम दिसते त्यापेक्षा किचकट असते. एलपीची तबकडी बारा इंची, म्हणजे सुमारे तीस सेंटिमीटरची, आणि कव्हर साधारण साडेएकतीस सेंटिमीटरचे. ए-थ्री कागदाची रुंदी २९.७ सेंटिमीटर असते, त्यामुळे ऑफिसातल्या ए-थ्री स्कॅनरवर कव्हर एका वेळी मावत नाही. दोन भागांत स्कॅन करून ते संगणकावर जोडावे लागते. शिवाय छापील चित्र मुळात बारीक ठिपक्यांच्या जाळीचे बनलेले असते आणि ते स्कॅन केले की चित्रावर लाटांसारखी नक्षी उमटते. ती घालवण्यासाठी चित्र किंचित धूसर करून पुन्हा धारदार करावे लागते. त्याखेरीज आत ठेवलेल्या तबकडीच्या कडेने वर्षानुवर्षे घासून उमटलेले वर्तुळ, दमटपणाचे डाग, कुणा ग्राहकाने पेनने लिहिलेले नाव आणि दुकानाच्या लेबलाचा चिकटपणा हे सगळे हीलिंग ब्रशने, म्हणजे डागावर शेजारचा रंग भरणाऱ्या संगणकातल्या साधनाने, टिपत बसायचे. या सगळ्या दुरुस्त्यांसाठी मी फाइलमध्ये एक स्वतंत्र लेयर (मूळ चित्रावरचा, हवा तेव्हा बंद करता येणारा थर) केला होता आणि त्याला नाव दिले होते ‘धूळ’.

चारांपैकी लावण्यांच्या एलपीचे कव्हर मला सर्वांत आवडले होते. पिवळीजर्द पार्श्वभूमी, मध्ये नाचणारीची चार-पाच फटकाऱ्यांत काढलेली आकृती आणि वर ‘लावणी’ ही हाताने रेखलेली अक्षरे. त्यातला ‘ल’ अस्सल मराठी वळणाचा होता: शेजारी शेजारी दोन गोलवे आणि त्यांना शिरोरेषेशी जोडणारा दांडा. अक्षर काढणाऱ्याने पहिल्या गोलव्याचा फुगवटा थेट नाचणारीच्या घेराला मिळवला होता. मागच्या बाजूचा मजकूर मात्र नव्याने जुळवायचा होता आणि तो टाइप करताच माझ्या लक्षात आले, की निवडलेल्या फाँटमध्ये ‘ल’ हिंदी वळणाचा येत आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दोन्ही ‘ल’ना एकच क्रमांक आहे, कोणते रूप दिसावे हे फाँट आणि मजकुराला लावलेली भाषा यांवर ठरते. भाषा ‘हिंदी’ऐवजी ‘मराठी’ केली आणि ‘ल’ व ‘श’ दोन्ही आपल्या वळणावर आले. विभागाच्या प्रमुख मॅडमनी या गोष्टीचे कौतुक केले आणि मी दोन दिवस त्या कौतुकावर तरंगत होते. पुढे जे घडले त्यामुळे हे मुद्दाम नोंदवते.

छपाईच्या दिवशी दुपारी चार वाजता नवी मुंबईतील महापे येथील प्रेसमध्ये मशीन प्रूफ, म्हणजे मशीनवर छापलेला पहिला नमुना, पाहण्यासाठी जायचे होते. फाइल आदल्या दिवशीच कर्व्ह करून, म्हणजे फाँटची अक्षरे आकृत्यांत बदलून, पाठवलेली होती. सकाळी दादरचे एक संग्राहक त्याच एलपीची स्वतःकडची प्रत घेऊन ऑफिसात आले, कारण आमच्या प्रतीच्या मागच्या बाजूचा एक तुकडा फाटलेला होता आणि ढोलकीवाल्यांच्या नावाची खातरजमा करायची होती. नाव बरोबर निघाले, ते चहा पिऊन गेले आणि प्रत संध्याकाळपर्यंत आमच्याकडे राहिली. मी ती सहज माझ्या प्रिंटआउटशेजारी ठेवली. त्यांचे कव्हर आमच्यापेक्षा कितीतरी स्वच्छ होते. उजवीकडे खालच्या कोपऱ्यात, कडेपासून बोटभर आत, काळ्या रंगात काहीतरी होते. माझ्या प्रिंटआउटवर तेथे निव्वळ पिवळा रंग होता.

भिंग लावून पाहिले. एक लपेटेदार अक्षर, त्याखाली एक आडवी रेघ आणि शेजारी ‘७१’. चित्रकाराची सही आणि साल.

फाइल उघडून ‘धूळ’ लेयर बंद केला, तेव्हा ती खूण आमच्या स्कॅनमध्येही दिसली. पण नेमकी त्या ठिकाणी दमटपणाच्या डागाची कड आली होती आणि दोन स्कॅन जोडल्याचा सांधाही तेथूनच गेला होता. सांधा किंचित हुकल्यामुळे सही दुभंगली होती आणि जाळी घालवताना आणखी पुसट झाली होती. मी तिला सांध्याचा मळ समजून ब्रशच्या तीन-चार ठोक्यांत नाहीशी केली होती. ज्या हाताच्या ‘ल’साठी मी एवढा आटापिटा केला, त्याच हाताची सही मी पुसली होती.

गप्प राहणे सोपे होते, हे येथे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. संग्राहकांनी काही पाहिले नव्हते, मॅडमनी फाइल मंजूर केली होती आणि फोनच्या पडद्यावर अंगठ्याच्या नखाएवढ्या चौकोनात ते कव्हर पाहणाऱ्या कुणालाही ती सही दिसली नसती. डिजिटल प्रकाशनासाठी आम्ही तीन हजार बाय तीन हजार पिक्सेलची प्रत देणार होतो. त्यातही सहा मिलिमीटरच्या सहीला जेमतेम सत्तावन्न पिक्सेल मिळतात. पण मागच्या बाजूला गायिका, शाहीर, संगीतकार, ढोलकी, हार्मोनियम अशा सर्वांची नावे होती आणि चित्रकाराचे मात्र नव्हते. माझ्याकडच्या चारही कव्हरांची हीच गत होती. म्हणजे त्या माणसाचा त्या वस्तूवरचा एकमेव पुरावा मी पुसला होता.

मी मॅडमसमोर दोन्ही कव्हरे ठेवली. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिले, मला एक शब्दही न बोलता प्रेसला फोन लावला आणि म्हणाल्या, “पाचशेचा तो पिवळा जॉब थांबवा.” पलीकडून उत्तर आले, “मॅडम, प्लेटा चढल्यात मशीनवर. आता कसली करेक्शन?”

सुटका झाली ती छपाईच्या पद्धतीमुळे. चाररंगी ऑफसेटमध्ये निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट असते. सही निव्वळ काळ्या रंगातली होती आणि ती पुसताना खालचा पिवळा मी आधीच सलग करून ठेवला होता. तेव्हा त्यावर फक्त काळी सही छापायची तर बाकीच्या तीन प्लेटांना हात लावण्याची गरज नव्हती. संग्राहकांची परवानगी घेऊन त्यांच्या प्रतीचा तो कोपरा बाराशे डीपीआयवर, या वेळी सांध्याविना, स्कॅन केला. सही ठिपक्यांऐवजी निव्वळ रेषेच्या रूपात वेगळी काढली आणि ओव्हरप्रिंट लावून, म्हणजे खालचा पिवळा न कापता त्यावरच काळा छापला जाईल अशी, जागेवर बसवली. एवढ्याशा कामाला मला दीड तास लागला, कारण हात थरथरत होता.

प्रेसवर पोहोचेपर्यंत साडेपाच झाले होते. मशीनवरच्या काकांनी नवी काळी प्लेट चढवली, कोपऱ्यांतल्या खुणा जुळेपर्यंत रद्दी शीटा ओढल्या आणि एक शीट टेबलावर आपटत म्हणाले, “एवढ्याशा या किड्यासाठी?” मी हो म्हटले. त्यांनी स्वतःचे भिंग काढून पाहिले आणि रजिस्ट्रेशन, म्हणजे रंग एकमेकांवर नेमके बसले आहेत का, ते पुन्हा एकदा तपासले, एवढेच. मी शीटवर सही केली. ‘ओके’खाली माझे नाव लिहिताना जे वाटले ते सांगण्यासारखे नाही.

श्रेयनामावलीचा प्रश्न मात्र राहिला. ते अक्षर ‘व’ आहे की ‘ब’ यावर ऑफिसात एकमत झाले नाही आणि जुन्या कागदपत्रांत नोंद मिळाली नाही. ‘अज्ञात’ लिहावे, असे कुणीतरी सुचवले. मॅडमनी ते मान्य केले नाही, कारण ज्याने सही केली आहे तो अज्ञात कसा, असे त्यांचे म्हणणे. काळी प्लेट नवी होतच असल्यामुळे मागच्या बाजूला शेवटी एक ओळ वाढवली होती: ‘मुखपृष्ठ: चित्रकाराची सही पुढील बाजूस.’ मला ती ओळ अजूनही थोडी अवघडलेली वाटते, पण तिच्याहून बरी सुचलेली नाही.

इंटर्नशिपचे शेवटचे चार दिवस मी उरलेल्या तीन फाइलींतले ‘धूळ’ लेयर एकेक करून उलटे तपासण्यात घालवले. एकीत तळाशी दोन मिलिमीटर उंचीची, छापखान्याच्या नावाची ओळ सापडली; ती परत आणली. दुसरीत खरोखरच धूळ होती. तिसरीत, तंबोऱ्याच्या भोपळ्याशेजारी, एक ठिपका होता. तो शाईचा आहे की मळाचा, हे मला ठरवता आले नाही, म्हणून तो तसाच छापायला पाठवला.