मूठभर चमचे

आमची मुलगी दोन वर्षे चार महिन्यांची असताना तिला निदान सहा-सात वर्षांची होईपर्यंत शाळेत न घालता घरीच शिकवायचे, असे आम्ही दोघांनी ठरवले. मात्र निर्णय घ्यायला जेवढे दिवस लागले त्याच्या कितीतरी पट दिवस ‘सोमवारी सकाळी नेमके करायचे काय’ या प्रश्नात गेले. या विषयावर बोलणारे लोक बहुतेक वेळा निर्णयाच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलतात. त्या सोमवार सकाळबद्दल फारसे कोणी बोलत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवातीला मी एक वेळापत्रक केले. नऊ वाजता चित्रांची कार्डे, मग रंग, मग अंक, मग गाणे, प्रत्येकाला वीस मिनिटे. घरात तेव्हा पाच महिन्यांचे दुसरे बाळ होते, ज्याच्या झोपेच्या वेळा दर आठवड्याला बदलत; मुलीचे बाबा दाराआड बसून नोकरीचे काम करत; आणि आमच्याबरोबर राहणाऱ्या सासूबाईंना गुडघ्यांमुळे मुलीमागे धावणे जमत नसे. वेळापत्रक नऊ दिवस टिकले. दहाव्या दिवशी मी ‘हा कोणता रंग?’ असे चौथ्यांदा विचारल्यावर तिने ते कार्ड हळूच पालथे घातले, त्यावर तळहात ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. तिला रंग ठाऊक होता. मला ठाऊक असलेलीच गोष्ट मी पुन्हा पुन्हा का विचारते आहे, हे मात्र तिला कळत नव्हते, आणि खरे तर मलाही सांगता आले नसते. त्या रात्री मी भिंतीवरचा कागद काढला.

त्याच आठवड्यात जेवणाची ताटे मांडताना मी सहज म्हटले, “पाच चमचे आण बरं.” एक ते दहा अंक ती कितीतरी दिवसांपासून न अडखळता म्हणत होती, त्यामुळे पाच आणणे तिला जमेल असे मी गृहीत धरले होते. ती मूठ भरून चमचे घेऊन आली. नंतर मोजले तेव्हा ते अकरा निघाले. अंक ओळीने म्हणणे हे मुलासाठी गाणे म्हणण्यासारखे असते. मोजताना शेवटी उच्चारलेला अंक म्हणजे समोरच्या सगळ्या वस्तूंची संख्या, ही समज वेगळी असते आणि ती बहुतेक मुलांना साडेतीन ते चार वर्षांच्या सुमारास येते. म्हणून मी तिची चूक काढली नाही, एवढेच म्हटले की प्रत्येकाच्या ताटाजवळ एकेक ठेव. ती एकेका ताटाशी थांबत गेली. “आजीला. आजोबांना. बाबांना. आईला. मला.” मग थोडा विचार करून तिने सहावा चमचा झोपलेल्या बाळाच्या दुपट्यावर ठेवला, हातातल्या चमच्यांकडे पाहिले आणि म्हणाली, “उरले.” हा शब्द तिला कोणी मुद्दाम शिकवला नव्हता. एका वस्तूला एक माणूस अशी जोडी लावणे हा संख्येच्या समजेचा पाया असतो, आणि तो आमच्या घरी रोज दोनदा, ताटे मांडताना, आपसूक घातला जाऊ शकतो हे मला त्या दिवशी दिसले.

हा विचार अर्थातच नवा नाही. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी 1907 साली रोममधल्या एका गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केले, आणि बटणे लावणे, पाणी ओतणे, केर काढणे, टेबल पुसणे ही कामे त्यांच्या पद्धतीत शिक्षणाचाच भाग झाली. कागदावर वाचताना हे मला पटत होते, पण त्यामागचे कारण हातांकडे पाहूनच समजले. अडीच वर्षांचे मूल खडू सहसा मुठीत किंवा सगळ्या बोटांनी वरून धरते. तीन बोटांची स्थिर पकड चार ते सहा या वयात हळूहळू बसते. तोवर अक्षरे गिरवायला लावण्यात मला अर्थ वाटत नाही. त्याऐवजी आम्ही एका परातीत दोन छोटी भांडी ठेवतो, एकात अर्धे पाणी भरतो आणि शेजारी एक फडके. मी एकदा, न बोलता, अगदी सावकाश ओतून दाखवले. ती दोन्ही हातांनी भांडे उचलते, ओठ घट्ट मिटते, मनगट वळवताना खांदाही वळवते, थोडे पाणी सांडते, आणि मग सांडलेले पाणी ओतण्याइतक्याच मनापासून पुसते. पहिल्या दिवशी तिने हे सतरा वेळा केले. तिला थांबवू नये, एवढेच माझे काम होते.

पण याची किंमत वेळेत मोजावी लागते, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्यांना हे स्पष्ट सांगितले पाहिजे. दहा मिनिटांत होणाऱ्या कपड्यांच्या घड्यांना मूल सोबत असले की चाळीस मिनिटे लागतात. कडेवर दुसरे बाळ असताना ही चाळीस मिनिटे एकट्या आईकडे नसतात. आणि घरशाळा म्हणजे आईची शाळा असे गृहीत धरले, तर ती दमून लवकरच बंद पडते असे माझे स्पष्ट मत झाले आहे. म्हणून आम्ही कामे नव्याने वाटली. सकाळचे फिरणे आजोबांकडे गेले, संध्याकाळची अंघोळ बाबांकडे, आणि दुपारची गोष्ट आजीकडे. आजी रोज तीच गोष्ट सांगतात, कारण मुलीला रोज तीच हवी असते, आणि आता ती प्रत्येक वाक्याचा शेवट स्वतः पूर्ण करते.

सासूबाईंना हा निर्णय आजही पूर्ण पटलेला नाही. “अगं, तिला तिच्या बरोबरीची मुलं नकोत का?” असे त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारले होते, आणि हा आक्षेप मला सगळ्यांत खरा वाटतो. अमेरिकन संशोधक मिल्ड्रेड पार्टन यांनी 1932 साली मुलांच्या खेळाचे जे निरीक्षण मांडले, त्यानुसार दोन-अडीच वर्षांची मुले बहुधा एकमेकांशेजारी बसून आपापले खेळतात. एकत्र, ठरवून खेळणे वयाबरोबर वाढत जाते. म्हणून सध्या आठवड्यातून तीन संध्याकाळी मैदानावर जाणे मला पुरेसे वाटते. ती चार वर्षांची होईल तेव्हा ते पुरणार नाही, आणि तेव्हा आम्हाला पुन्हा सगळे बसून बोलावे लागेल, असे मी सासूबाईंना सांगून ठेवले आहे.

कायद्याची चौकशी मात्र आधीच करावी: जर्मनीत मुलाने शाळेत जाणे सक्तीचे आहे, तर इंग्लंडमध्ये पालकांना घरी शिकवता येते, इतका देशागणिक फरक आहे. टीव्ही-मोबाइलच्या पडद्याबाबत आम्ही जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली दिलेली मर्यादा पाळतो, म्हणजे या वयात दिवसाला एक तासापेक्षा जास्त नाही आणि कमी असेल तितके चांगले. बाळाला पाजताना कधी वीस मिनिटे चित्रफीत लावते. त्याच मार्गदर्शनात दिवसभरात निदान 180 मिनिटांची हालचाल सांगितली आहे. माझ्या पहिल्या वेळापत्रकात तिला हलायला एक मिनिटही ठेवलेले नव्हते.

आता वेळापत्रकाच्या जागी एक वही आहे. रात्री दोन्ही मुले झोपली की मी तीन-चार ओळी लिहिते: आज तिने काय धरले, कशापाशी थांबली, काय सोडून दिले. दुसऱ्या दिवशी काय पुढे ठेवायचे ते बहुधा त्यातच सापडते. मोज्यांच्या जोड्या लावताना ती अजून फक्त रंग पाहते, त्यामुळे बाबांचा निळा मोजा आणि बाळाचा निळा मोजा यांची जोडी होते. मी अजून काही बोललेले नाही. चमच्यांची नोंदही चालू आहे. काल मी दोन मागितले तेव्हा तिने नेमके दोन आणून दिले. तीन मागितले, तर पुन्हा मूठ भरून आली.