शेरा: सर्वसाधारण

माती तपासणीच्या अहवालात सगळ्यात शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. शेतकरी तेवढाच वाचतो. वाळवा तालुक्यातल्या एका अहवालावर मी तिथं ‘सर्वसाधारण’ लिहून सही केली होती. क्षारता ०.९ (डेसिसायमन प्रति मीटर).

पंधरा दिवसांनी फोन आला. "सर, माती चांगली म्हणताय, मग ऊस का बसलाय?"

मे महिना, सकाळचे अकरा. शहाऐंशी शून्य बत्तीस जातीचा ऊस, पाच महिन्यांचा. बांधाकडेचा ऊस छातीला लागत होता, मधल्या खोलगटात तो गुडघ्यावर अडला होता. सऱ्यांच्या माथ्यावर पांढरं मीठ फुटलेलं, आणि पाय मात्र चिखलात रुतत होते. तीनच दिवसांपूर्वी पाणी पाजलेलं. तरी पानांच्या सुरळ्या झालेल्या. ओल्या रानात!

सोबत पोरोमीटर नेला होता. पानाला चिमटा लावला की पर्णरंध्रं किती उघडी आहेत ते कळतं. घाई केली तर हा पठ्ठ्या काहीही आकडा देतो, म्हणून प्रत्येक पान सावली पडू न देता, तीन-तीन वेळा घेतलं. खोलगटातल्या पानांचा आकडा बांधाकडच्यांच्या चौथाई भरला.

पाणी होतं, पण क्षारांनी धरून ठेवलेलं. मुळांना ते ओढता येत नाही, मग झाड असलेलं पाणी वाचवायला रंध्रं मिटतं. त्याच वाटेनं कार्बन डायऑक्साइड आत येतो, तोही अडतो. वरून ऊन तसंच आदळत असतं. जी ऊर्जा वापरली जात नाही ती हरितद्रव्यालाच पोळते. पुढं जुन्या पानांत सोडियम, क्लोराइड साठून शेंडे करपतात. ऊस थोड्या कार्बन डायऑक्साइडवरही भागवून नेतो, त्यामुळं फसायला होतं. बाहेरून पान हिरवं, आत गाळप बंद.

दुकानदारानं फेरस सल्फेट आणि कसलंसं टॉनिक गळ्यात मारलं होतंच. त्याला काय बोलणार?

नमुना कुठनं काढला विचारलं. "बांधाकडनं. मधी चिखूल हुता." आमच्याकडे हे कुणी विचारत नाही, पिशवी आली की तपासायची. मीही विचारलं नव्हतं. शिवाय आम्ही क्षारता मोजतो १:२.५ द्रावणात, म्हणजे एक भाग मातीत अडीच भाग पाणी घालून, पातळ करून; आणि उसाला १.७ च्या पुढं झळ बसते तो आकडा संपृक्त अर्काचा, म्हणजे माती पाण्यानं पुरती भिजवून तिच्यातनं काढलेल्या पाण्याचा. काळ्या मातीत तो आमच्या आकड्याच्या दुपटीहून जास्त भरतो. माझं ०.९ काठावरचंच होतं. मधल्या मातीचं ३.४ आलं.

"सुकतोय म्हणून आठवड्याला पाजतोय की ओ," ते म्हणाले. त्या पाण्यानंच जमिनीखालच्या पाण्याची पातळी आणि तिच्याबरोबर मीठ वर येत होतं. माझा कागद खिशात असल्यावर ते पाणी का तोडतील?

शेरा खोडून देतो म्हटलं. "ऱ्हाऊ द्या. पायपाचं सांगा."

सच्छिद्र पाईप घालून निचरा काढायचा तर पाणी ओढ्यापर्यंत खालच्या रानातनं न्यावं लागतं. ते रान चुलतभावाचं. दोघांत सहा वर्षं बोलणं नाही.