जोडाच्या खालून फुटलेला केसर

बडोद्यात कारेलीबागेत माझ्या मावशीच्या अंगणात केसर आंब्याचे एक जुने झाड आहे, आणि त्याचेच एखादे कलम आपल्याही परसात असावे, एवढ्या इच्छेपायी माझे तीन पावसाळे गेले. नुसती कोय रुजवून हे काम भागत नाही. केसरच्या कोयीतून एकच रोप उगवते, ते परागीभवनातून आलेले असते आणि त्याचे फळ मूळ झाडासारखे निघेल याची खात्री नसते. गराच्या ज्या रंगावरून जुनागढच्या नवाबांनी १९३४ साली या आंब्याला ‘केसर’ म्हटले, तो रंग हवा असेल तर त्याच झाडाची काडी दुसऱ्या खुंटावर, म्हणजे मुळासकट वाढलेल्या दुसऱ्या रोपावर, बांधावी लागते.

पहिला पावसाळा खुंटांतच गेला. आमरसाच्या कोयी मी आठवडाभर कडक उन्हात वाळवल्या आणि मग पेरल्या. एकही उगवली नाही, कारण आंब्याची कोय पार वाळली की तिची रुजण्याची शक्ती जाते. नंतर शेजारून मागून आणलेल्या ताज्या कोयींतून दहा रोपे उभी राहिली.

पुढच्या जुलैत या रोपांच्या शेंड्यांना तांबूस कोवळी पालवी आली, तेव्हा मी मृदुकाष्ठ कलमे, म्हणजे खुंटाच्या कोवळ्या शेंड्यावर बांधायची कलमे, बांधायला बसले. खुंटाचा शेंडा कापून त्यात तीन-चार सेंटिमीटरचा उभा छेद द्यायचा, काडीचे खालचे टोक दोन्ही बाजूंनी तासून तेवढीच पाचर करायची, ती छेदात बसवून प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट गुंडाळायचे, इतके मला पाठ होते. काडीची पाने मात्र ती तोडण्याच्या आठ-दहा दिवस आधी, देठ ठेवून, झाडावरच छाटायची असतात, म्हणजे तेवढ्या अवधीत शेंड्याचा डोळा फुगतो, हे मला ठाऊक नव्हते. मी ती त्याच सकाळी ओरबाडून काढली होती. शिवाय काड्या खुंटांपेक्षा बारीक होत्या, आणि दिसायला नीट दिसावे म्हणून मी प्रत्येक काडी छेदाच्या अगदी मध्यभागी बसवली. जोड धरतो तो साल आणि लाकूड यांच्यामधल्या पातळ थरामुळे. काडी बारीक असेल तर ती एका कडेला सरकवून निदान त्या बाजूला तरी तो थर थराला भिडवावा लागतो. माझ्या काड्या दोन्हीकडून नुसत्या लाकडात अडकल्या होत्या. ओलावा टिकावा म्हणून वरून प्लास्टिकच्या टोप्या घातल्या होत्या खऱ्या, पण रोपांच्या पिशव्या गच्चीवर उघड्या जागी ठेवल्यामुळे पावसाने उघडीप देताच आतल्या काड्या अक्षरशः शिजल्या.

आठ कलमे काळी पडली. दोन मात्र महिनाभराने फुटली आणि त्या दोनांनीच मला सर्वांत जास्त फसवले. पट्टी मी गरजेपेक्षा बरीच लांब गुंडाळली होती, त्यामुळे जोड नेमका कुठे संपतो हे माझे मलाच कळत नव्हते. पट्टीच्या खालच्या कडेला लागून कोवळा फुटवा दिसला तो मी केसरचाच धरला, त्याला काठीचा आधार दिला, शेणखत घातले आणि घरी येईल त्याला कौतुकाने दाखवला. एक रोप तर मी समोरच्या काकूंना ‘मावशीकडचा केसर’ म्हणून देऊनही टाकले.

दुसरे रोप पुढच्या जूनमध्ये परसात लावत असताना मावशीकडचे माळीकाका आले होते. त्यांनी पट्टी सोडली, फुटव्याच्या आडोशाला राहिलेले पेन्सिलीएवढे वाळके टोक नखाने टकटक वाजवले आणि म्हणाले, “ताई, तुमचा केसर हा. कधीच गेला. तुम्ही वर्षभर खुंट वाढवलात.” जोडाखालून येणारा प्रत्येक फुटवा दिसताक्षणी खुडायचा असतो, नाहीतर सगळा रस तोच ओढून घेतो, हे मी वाचले होते, पण वाचताना तो फुटवा इतका देखणा असेल असे वाटले नव्हते.

ते रोप उपटायला काकांनी नकार दिला. त्याच्या शेंड्याला पुन्हा तांबूस पालवी येईपर्यंत आम्ही थांबलो, मावशीच्या झाडावर वेळेत पाने छाटून काड्या तयार केल्या, आणि ऑगस्टच्या आरंभी जागेवरच कलम बांधले. या वेळी काडी आणि खुंट एकाच जाडीचे निवडले, जोडाच्या खाली खुंटावर रंगाने खूण केली आणि वर गोणपाटाची सावली केली. अठराव्या दिवशी टोपीच्या आत, खुणेच्या बऱ्याच वर, डोळा फुटला. एवढ्या सावधगिरीनंतरही पट्टी काढायला मी डिसेंबर उजाडू दिला आणि ती सालीत रुतली. तो चर अजून बोटाला लागतो.

समोरच्या काकूंना मी शेवटी खरे सांगितले आणि त्यांच्याही रोपावर कलम बांधून देते म्हणाले. काकूंनी अंगणातल्या त्या रोपाकडे पाहिले आणि म्हणाल्या, “असू दे गं, लोणच्याला होईल.”