गाणाऱ्या तबलजीची जागा

२००० साली 'कंदीसा' या अल्बमची कॅसेट आमच्या खोलीत आली तेव्हा मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि कॉलेजच्या बँडमध्ये तबला वाजवत होतो. वाजवत होतो म्हणजे काय, तर ड्रमसेटच्या आडोशाला एका बाकावर बसून कुणाला ऐकू येणार नाही अशा बेतानं केरव्याचा ठेका धरत होतो. तबल्याला माइक मिळायचा तो बाकीच्यांचं भागून उरला तर. 'रॉक बँडमध्ये तबला कशाला?' हे दर सरावाला कुणीतरी विचारायचंच. माझ्याकडेही उत्तर नव्हतं. मला दुसरं काही येत नव्हतं, एवढंच खरं.

कॅसेट रूममेटने आणली होती. औरंगाबादचा, आमचा गिटारवाला. इंडियन ओशन नावाचा दिल्लीचा बँड आहे आणि त्यांच्यातला तबलजी गातो, असं त्याने सांगितलं. मला वाटलं, फेकतोय. आमच्याकडे भजनी मंडळात पेटीवाला गातो. तबलजी फार तर धृपदाला तोंड हलवतो, तेही मान खाली घालून. शहाद्याचे माझे तबल्याचे सर तर म्हणायचे, हात आणि तोंड या दोघांना एका वेळी एकच मालक लागतो. इंडियन ओशनच्या त्या तबलजीने, असीम चक्रवर्तीने, सरांचं हे वाक्य मोडीत काढलं. ज्यांनी करून बघितलंय त्यांना विचारा. आठ मात्रांचा ठेका हातात पक्का असताना गाण्याची ओळ पाचव्या मात्रेपासून उचलायची, मध्येच श्वास घ्यायचा, आणि त्या श्वासाला डग्गा सैल पडू द्यायचा नाही. मी खोलीचं दार लावून महिनाभर प्रयत्न केला. एक तर गाणं ठेक्याच्या मागे फरपटत जायचं, नाहीतर ठेका गाण्याच्या.

त्या कॅसेटवर 'माँ रेवा' होतं. माझ्या आजीचं माहेर सेंधव्याचं. ती नर्मदेला नर्मदा म्हणायचीच नाही, 'रेवामाय' म्हणायची. आमच्या शहाद्यावरून परिक्रमावासी जायचे, त्यांना भाकरी देताना आजी पदर डोक्यावर ओढायची. त्या रेवामायचं निमाडी गाणं बास गिटार आणि ड्रमच्या सोबतीने ऐकताना मला आधी हसू आलं आणि मग एकदम गप्प झालो. बास वाजवणारा राहुल राम अमेरिकेत पीएच.डी. करून आलेला माणूस, पण नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो नर्मदा बचाओ आंदोलनात काम करत होता. सरदार सरोवराने आमच्या जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणीकडच्या ३३ गावांचं पाणी केलं, हे गाणं त्याच धरणाविरुद्धच्या आंदोलनातलं. कुठून कुठे येतात गाणी. अल्बमला ज्याचं नाव दिलं ते 'कंदीसा' हे गाणं तर केरळातल्या सीरियन ख्रिश्चनांची सुरियानी भाषेतली प्रार्थना. दिल्लीच्या चौघांनी ती वाजवायची आणि आम्ही पुण्याच्या हॉस्टेलात एक शब्द न कळता मोठ्याने म्हणायची!

'माँ रेवा'च्या मध्यावर एकदा टेप प्लेअरमध्ये अडकली. रूममेटने चुरगळलेला तुकडा ब्लेडने कापला आणि टोकं सेलोटेपने जोडली. दोनेक सेकंद गेली. त्यानंतर त्या जागी गाणं ठेच लागल्यासारखं पुढे उडी मारायचं.

आता बँडबद्दल. सुश्मित सेन आणि असीम यांची भेट १९८४ ची. एक गिटारवर, एक तबल्यावर, दोघंही आपलं आपण शिकलेले. बँड म्हणून उभे राहिले १९९० मध्ये. पहिली काही वर्षं माणसं येत-जात राहिली. राहुल १९९१ ला आला. पहिला अल्बम १९९३ चा, त्यात ड्रमवर अमित किलम नाही, कारण तो आला १९९४ ला. म्हणजे लोक ज्याला 'ओरिजिनल लाइनअप' म्हणतात, ती चार माणसं पहिल्या अल्बमला एकत्र नव्हतीच. हे मी वादात पुष्कळदा वापरलंय. समोरचा चिडतो.

चौघं जमल्यावर मात्र पंधरा वर्षं हलले नाहीत. करोल बागेतल्या खजूर रोडवरच्या एका जुन्या घरात त्यांचा सराव चालायचा. 'डेझर्ट रेन' हा त्यांचा लाइव्ह अल्बम १ जानेवारी १९९७ ला पथनाट्यवाले सफदर हाश्मी यांच्या आठवणीत झालेल्या कार्यक्रमातला. दिल्लीचा जानेवारी आणि उघड्यावरचा तबला, याचा विचार करूनच माझी बोटं आखडतात. थंडी-दमटपणाने चामडं उतरतं, दिव्यांच्या उष्णतेने चढतं, आणि गिटारवाल्याला याचं काही सोयरसुतक नसतं. त्याने 'चला' म्हटलं की तबला सुरात लावणारी तुमची हातोडी अजून गट्ट्यावरच. मग २००३ ला 'झीनी' आलं. त्यानंतर 'ब्लॅक फ्रायडे'चं 'बंदे', शब्द पीयूष मिश्रांचे. सिनेमा मुंबई स्फोटांच्या खटल्यापायी अडकून पडला आणि २००७ ला थिएटरात लागला, पण गाणं तोवर आमच्या ऑफिसच्या कॅबमध्ये पाठ झालं होतं.

आमच्या कॉलेज बँडचंही सांगायला हवं. दर जुलैत शेवटच्या वर्षाची पोरं गेलेली असायची. गायक अमेरिकेला, बासवाला बंगळुरूला, ड्रमर घरच्या कापड दुकानात. चौथ्या वर्षी मी आजूबाजूला बघितलं तर मी सुरुवात केली तेव्हाचं कुणीच नव्हतं. रूममेटसुद्धा परीक्षांपायी सुटला होता. नाव मात्र तेच, कारण ते बेस ड्रमच्या चामड्यावर ऑइल पेंटने रंगवलेलं होतं आणि नवं चामडं घ्यायला पैसे नव्हते.

२००९ च्या नाताळला मी रात्रपाळीला होतो. रूममेटचा फोन आला. "असीम गेला रे." आमच्या टीममध्ये एक असीम होता, मला क्षणभर तोच वाटला आणि मी त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. तो कँटीनमधून चहा घेऊन येताना दिसला तेव्हा कुठे कळलं, कोणता असीम. हृदयविकाराने काही आठवडे आजारी होता, हे आम्हाला माहीत होतं. तरी वाटलं होतं, उठेल.

पुढच्या वर्षी नवा अल्बम आला, नाव '१६/३३० खजूर रोड', त्या सरावाच्या घराचा पत्ताच. एकेक गाणं दर महिन्याला इंटरनेटवर फुकट. असीमचा आवाज त्यात आहे, आधीच रेकॉर्ड झालेला. मी पहिलं गाणं उतरवून घेतलं आणि दोन दिवस ऐकलंच नाही. फाइलचं नाव तेवढं बघत बसायचो.

इथे मला जे सुचलं नसतं ते त्यांनी केलं. मी असतो तर दुसरा गाणारा तबलजी शोधत हिंडलो असतो, आणि तो मिळाला नसता. त्यांनी एका जागेच्या दोन जागा केल्या. तबल्याला तुहीन चक्रवर्ती आणि गाण्याला हिमांशु जोशी. आडनाव सारखं म्हणून कित्येकांना तुहीन हा असीमचा भाऊ वाटतो. तसं काही नाही. हिमांशुचा गळा कुमाऊंचा, पहाडी लोकगीतांतून आलेला. तो असीमसारखं गात नाही, गायचा प्रयत्नही करत नाही, आणि हेच मला पटलं. तुहीनच्या तोंडापुढे माइक नाही. त्यामुळे त्याचे हात मोकळे. असीम गाताना जिथे ठेका साधा ठेवायचा, तिथे हा भरून काढतो. तबलजीच्या कानाला हा फरक लगेच कळतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते जास्तच भरलेलं वाटलं, खोटं कशाला बोला.

२०१३ ला सुश्मितने बँड सोडला. त्याच्या जागी निखिल राव आला, सुश्मितचाच शिष्य. पण शिष्याने गुरूची नक्कल केली नाही. सुश्मितची गिटार सतारीच्या अंगाने जायची, तार छेडून छेडून एकाच सुराभोवती घोटाळायची. निखिलची इलेक्ट्रिक, जाड, रॉकच्या घरची. 'तंदानू' (२०१४) ऐकून रूममेटने जाहीर करून टाकलं की आपल्यापुरता हा बँड संपला. त्या अल्बमात दर गाण्याला एक पाहुणा आहे, शुभा मुद्गलपासून शंकर महादेवनपर्यंत. त्याला तेही खटकलं. "घरचे कमी पडले म्हणून पाहुणे बोलावले," असं त्याचं म्हणणं. मला ते घर नव्याने लावून शेजाऱ्यांना चहाला बोलावल्यासारखं वाटलं. त्यावरून फोनवर कडाक्याचं भांडण झालं.

भांडता भांडता एक गोष्ट ध्यानात आली. त्याच्या लेखी बँड संपला २०१३ ला, म्हणजे गिटारवाला गेला तेव्हा. २००९ त्याने पचवलं होतं. मी २०१३ सहज पचवलं, पण २००९ चं नाव काढलं की आजही माझा आवाज चढतो. दोघंही आपापल्या वाद्याची खुर्ची मोजत होतो. ऑफिसातल्या एका ड्रमरला विचारलं तर तो म्हणाला, बँड अजिबात बदललेला नाही, अमित आहे ना! आणि अमित नुसता ड्रमर राहिला नाही हेही आहे. 'मसान' सिनेमातलं 'मन कस्तुरी' त्यानेच गायलंय. गाणारा तबलजी गेल्यावर काही वर्षांनी ड्रमरच्या आवाजात गाणं आलं, यावर माझ्या सरांनी काय म्हटलं असतं कुणास ठाऊक.

'मसान'नंतर, बहुधा २०१६ च्या हिवाळ्यात, पुण्याबाहेरच्या एका मैदानावर मी त्यांना नव्या संचात पहिल्यांदा प्रत्यक्ष ऐकलं. रूममेटला तिकीट काढून देतो म्हटलं, तो आला नाही. मी मुलीला घेऊन गेलो, सहा वर्षांची. तिला राहुल रामचे लांब पांढरे केस आवडले. मी सगळा वेळ तुहीनच्या हातांकडे बघत होतो. साउंड चांगला नव्हता. डग्गा बेस ड्रमखाली दबत होता, जसा माझा दबायचा. मला त्या मिक्सरवाल्याशी भांडावंसं वाटलं.

'माँ रेवा' सुरू झालं. मुलगी खांद्यावर. मैदानातली अर्धी माणसं शब्द म्हणत होती. यातल्या किती जणांनी रेवामाय बघितलीय, असा एक खडूस विचार मनात आला, पण मीही तोंड हलवत होतोच, हात मुलीच्या पायांवर केरवा धरून. गाणं मध्यावर आलं. सेलोटेप लावलेल्या त्या जागी मी सवयीने दोन सेकंद पुढची ओळ म्हणून टाकली आणि सगळं मैदान माझ्या मागे राहिलं. मुलीने वाकून कानात सांगितलं, "बाबा, तुमचं चुकलं."

रूममेटला रात्री हे मेसेज करून कळवलं. उत्तर सकाळी आलं. 'मी पण तिथेच चुकतो.'