टेबल सॉवर (टेबलातून ब्लेड वर आलेलं करवत यंत्र) आडवा काप घेताना फेन्स (ब्लेडला समांतर बसवलेली सरळ पट्टी) लांबच ठेवा
सागाच्या फळीचे रेषांना आडवे तुकडे करायचे असले की बरेच जण मायटर गेज (फळी टेकवून ब्लेडकडे ढकलायची सरकती पट्टी) पण वापरतात आणि मापासाठी फळी फेन्सला पण टेकवतात, हे अजिबात करू नका. कापलेला तुकडा ब्लेड आणि फेन्सच्या मधे अडकतो, जरासा तिरका झाला की ब्लेडचे मागचे दात त्याला उचलून थेट अंगावर फेकतात, हात पण ओढला जाऊ शकतो. सारखे तुकडे हवेत तर ब्लेडच्या बरंच अलीकडे फेन्सला इंचभर जाड ठोकळा क्लॅम्प करा, माप तिथे घ्या, म्हणजे काप चालू होईपर्यंत फळी मोकळी होते. मला स्वतःला स्लेडच (फळी वर ठेवून ढकलायचा सरकता पाट) आवडतो. १० इंची ब्लेड ६० ते ८० दातांचं लावा, कडा फाटत नाहीत. हातमोजे नकोच, आणि ब्लेड पूर्ण थांबल्याशिवाय तुकडा उचलायला बोटं नेऊ नका प्लीज.