पेव म्हणजे नक्की काय रे?

टी.वाय.ला भूगोलाचा प्रोजेक्ट होता आणि मी सांगलीजवळच्या हरिपूरचा, त्यामुळं विषय शोधावा लागला नाही: हळदीची पेवं. आजोबांनी पेवांवर हमाली केलेली, माहिती घरातच होती. पानं भराभर झाली. सरांनी मसुदा चाळला आणि म्हणाले, ‘मांडणी विस्कटलीय. लेखनाच्या टेबलावर जाऊन ये.’

हे टेबल आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत, पेपरच्या स्टँडमागं. तिथं प्राध्यापक बसत नाहीत. एम.ए.ची, थोडंफार प्रशिक्षण घेतलेली मुलंमुली बाकीच्यांना लिखाणात मदत करायला बसतात. वहीत नाव लिहून अर्ध्या तासाची वेळ घ्यायची. फी नाही, मार्क नाहीत.

माझ्या वाट्याला जतकडची एक ताई आली, मराठीची. मी फाइल पुढं सरकवली, वर लाल पेन ठेवलं. तिनं पेन माझ्याकडंच परत दिलं. ‘तू वाच, मी ऐकते.’ लायब्ररीत मोठ्यानं वाचायचं म्हणजे आधीच लाज. दुसऱ्या पानावर एका वाक्यात दम संपला तरी क्रियापद येईना. ती गप्पच. मीच तिथं खूण केली.

मी गेलो होतो ऱ्हस्व-दीर्घ तपासून घ्यायला. ते शेवटी बघू म्हणाली. मग विचारलं, ‘पेव म्हणजे नक्की काय रे? जमिनीतच आहे, तर हळद खराब कशी होत नाही?’

मला हसूच आलं. आमच्याकडं शेंबड्या पोराला माहीत असतं. सांगायला लागलो: जमिनीत खोदलेला खोल खड्डा, तोंड अरुंद, आत पोट मोठं. हळद भरली की तोंड मातीनं लिंपून बंद. आत हवा खेळत नाही, कीड लागत नाही, माल वर्षानुवर्षं टिकतो. पण त्याच कोंडलेल्या हवेत माणूसही गुदमरून मरतो, म्हणून पेव उघडल्यावर बराच वेळ तसंच ठेवायचं आणि मगच उतरायचं.

‘हे कुठल्या पानावर आहे?’

कुठल्याच नव्हतं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ते होतं, बाजारपेठेचा इतिहास होता. पेवच नव्हतं!

मुलांनीच मुलांना लिखाणात मदत करायची ही टेबलाची पद्धत कुठनं आली, तेही तिनंच सांगितलं. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीनं १९७० मध्ये शहरातल्या हायस्कूल पास मुलांना सरसकट प्रवेश खुला केला. कॉलेजची सवय नसलेली मुलं आली. मदतीची सोय होती, पण तीही वर्गासारखीच वाटायची, मग कोण फिरकणार? ब्रुकलिन कॉलेजचे केनेथ ब्रफी वगैरे मंडळींनी मुलांनाच मुलांच्या शेजारी बसवलं. मला ते लगेच पटलं. सरांना पेव माहीत आहे, त्यांनी हा प्रश्न विचारलाच नसता. आणि विचारला असता तर मी त्यांच्यासमोर पुस्तकी व्याख्या म्हणून दाखवली असती.

पुढच्या भेटीत तिनं प्रत्येक परिच्छेदाशेजारी एक ओळ लिहायला लावली: हा परिच्छेद इथं कशासाठी आहे? दोन परिच्छेदांपुढं एकच ओळ आली. एकापुढं काहीच सुचेना, तो काढला. २००५ च्या महापुरात पेवांमध्ये पाणी शिरलं, मग माल कोल्ड स्टोरेजकडं वळला, हे मी शेवटच्या पानावर टाकलेलं. खरा प्रोजेक्ट तोच होता. तो उचलून पुढं आणला आणि बाकीचं आपोआप जागेवर बसत गेलं.

चिडचिडही झाली. ‘तूच सांग ना ताई, कसं लिहू’ म्हटलं की ती वाक्य देत नसे, उलटा प्रश्न टाकायची. मांडणीपुरतं ठीक आहे, पण शुद्धलेखनालाही तोच नियम मला ताठर वाटतो. ‘परिस्थिती’तली कुठली वेलांटी ऱ्हस्व, हे शोधायला लावून काय साधतं? सांगून मोकळं व्हावं.

यंदा एम.ए.ला आलोय आणि त्याच टेबलासाठी नाव दिलंय. कुठल्या विषयाची मुलं चालतील, असं फॉर्ममध्ये विचारलं होतं. मी लिहिलं, भूगोल सोडून कुठलाही.