दादाच्या श्वासाकडे कोण बघणार?

चार महिने होऊन गेले, तरी त्या दातांच्या क्लिनिकवरून रिक्षा गेली की माझं डोकं तापतं. तिथे जे झालं ते एकदा नीट लिहून काढायचं ठरवलं आहे. ज्यांच्या घरी माझ्या दादासारखं माणूस आहे त्यांना तरी निदान त्यातलं काही कामाला येईल.

दादा शेहेचाळीस वर्षांचा आहे. त्याला डाउन सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मतःच एक गुणसूत्र जास्तीचं. इंदूरला रामबागेत आई, दादा, मी आणि माझी मुलगी असे आम्ही चौघं राहतो. दादाचा दिवस घड्याळावर चालतो. सकाळी आठला पोहे, वर बारीक शेव, आणि जीरावन मसाल्याची डबी त्याच्याच हातात. दुसऱ्या कुणी जीरावन घातलेलं त्याला चालत नाही. मार्चमध्ये एक दिवस त्यानं पोहे तसेच ठेवले आणि उजवा गाल धरून जिन्यात जाऊन बसला. दुखतंय हे त्याला सांगता येत नाही, तो जिन्यात बसतो.

येणारा-जाणारा प्रत्येक जण म्हणाला, जिलबी बंद करा. दात किडलेच नव्हते. डाउन सिंड्रोममध्ये कीड त्या मानाने कमी असते आणि हिरड्यांचा आजार मात्र लवकर लागतो, जोरात लागतो, हे मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं. चार दाढा खिळखिळ्या झाल्या होत्या. ब्रश करताना रक्त येतंय हे आम्हाला वर्षभर दिसत होतं, आणि आम्ही फक्त ब्रश बदलत होतो. याचं मला फार वाईट वाटतं.

घराजवळच्या दातांच्या क्लिनिकमध्ये गेलो. दादानं तोंड उघडलं नाही, खुर्चीत मागे रेललासुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, असं होणार नाही, गुंगी देऊन चारही दाढा एकदम काढू, फिजिशियनचं फिटनेस सर्टिफिकेट तेवढं आणा. फिजिशियननी बीपी घेतलं, छाती तपासली, ईसीजी काढला आणि तीन ओळी लिहून दिल्या. दहा मिनिटांत काम झालं, मला बरं वाटलं. क्लिनिकमध्ये दोन हजार भरले आणि शुक्रवारची तारीख घेतली.

काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं, रात्री दहानंतर काही नाही, पाणीसुद्धा नाही, आणि सकाळी नऊला हजर राहा.

शुक्रवारी आठ वाजता दादा नेहमीसारखा ताटली घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिला. मी म्हटलं, आज नाही दादा. त्यानं ताटली पुढे केली. मी पुन्हा नाही म्हटलं. मग त्यानं ती जमिनीवर ठेवली, जीरावनची डबी आणून ताटलीशेजारी ठेवली आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. त्याला वाटलं असणार की त्याचंच काहीतरी राहिलं. आई आतल्या खोलीत निघून गेली.

नऊला पोचलो. भूलतज्ज्ञ बाहेरून येणार होत्या, त्यांची दुसरीकडे केस चालू होती. दहा वाजले, साडेदहा वाजले. दादाचे ओठ सुकले होते, तो कुलरच्या नळाकडे बोट दाखवत होता आणि मी त्याचा हात धरून ठेवला होता. साडेअकराला मी काउंटरवर विचारलं, एक घोट पाणी तरी देऊ का? उत्तर आलं, "मॅडम आएँगी तो पूछ लेंगे." मॅडम आल्या पाऊण वाजता. उपाशी राहून पावणेपंधरा तास झाले होते.

नंतर कळलं की हलक्या खाण्यानंतर सहा तास पुरतात, तळकट-जड जेवणानंतर आठ धरतात, आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. आत गुंगीत उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाऊ नये यासाठी पोट रिकामं लागतं, त्या नियमाशी खेळायचंच नाही. पण रात्री दहापासून दुपारी एकपर्यंत तहानेनं सुकवणं कुठल्याच नियमात बसत नाही. तारीख घेतानाच पक्कं विचारा: भूलतज्ज्ञ किती वाजता येणार, आणि आमचा नंबर पहिला आहे का?

मॅडमनी दादाला बघितलं आणि बॅग उघडलीच नाही. आधी मला बाजूला घेऊन विचारलं, हे घोरतात का? म्हटलं, भिंतीपलीकडे ऐकू येतं. झोपेत श्वास मध्येच थांबून मग धसका बसल्यासारखे उठतात का? म्हटलं, हो, बऱ्याचदा. हृदयाचा इको, म्हणजे सोनोग्राफी, झालाय का? नाही. मानेचा एक्स-रे? नाही. थायरॉइड? गोळी चालू आहे. त्यांनी ते तीन ओळींचं फिटनेस वाचलं, घडी घालून मला परत दिलं आणि म्हणाल्या, "मी यांना या खुर्चीत गुंगी देणार नाही."

कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या त्यांनी कारणं सांगितली. डाउन सिंड्रोममध्ये जन्मतःच हृदयाचा दोष असण्याचं प्रमाण जवळजवळ निम्मं असतं, तेव्हा इको हवाच. मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधले बंध काही जणांत सैल असतात, आणि गुंगीत मान जोरात मागे झुकवली तर मज्जारज्जूला धोका. जीभ मोठी, घसा अरुंद, त्यात झोपेत श्वास अडकण्याची सवय. औषधानं स्नायू ढिले पडले की जीभ मागे पडून वाट बंद होऊ शकते. "जागेपणी हे जे स्वतः सांभाळतात," त्या म्हणाल्या, "ते गुंगीत आम्हाला सांभाळावं लागतं. इथे तेवढी सोय नाही."

मी त्यांच्यावर भडकले. पंधरा तास उपाशी ठेवल्यावर हे सांगता? ते चुकलंच माझं. त्या दिवशी दादाच्या बाजूनं विचार करणारी क्लिनिकमधली ती एकच व्यक्ती होती. हेच प्रश्न आठवडाभर आधी विचारायला हवे होते, आणि ते क्लिनिकनं विचारले नाहीत, हा माझा राग. भूलपूर्व तपासणी असते, पीएसी म्हणतात तिला, ती आधीच्या दिवसांत करायची असते. फिजिशियनच्या फिटनेसनं तिची जागा भरून निघत नाही.

काउंटरवर पैसे परत मागितले. "फिटनेस तो आप ही लाए थे." स्लॉट वाया गेला, पैसे मिळणार नाहीत.

रविवारी संध्याकाळी क्लिनिकचाच फोन. मॅडमना सोडा, आमचे डॉक्टरसाहेब स्वतः देतील, आधी झोपेची गोळी, मग एक हलकं इंजेक्शन, अर्ध्या तासाचं काम आहे, सोमवारी या. आदल्या रात्री दादा तीन वेळा उठून जिन्यात जाऊन बसला होता. आई रडून रडून थकली होती. खरं सांगते, "हो" माझ्या तोंडात आलं होतं.

मग मी विचारलं, डॉक्टर दाढ काढत असताना त्याच्या श्वासाकडे कोण बघणार?

"सिस्टर है ना."

आणि तोंडातलं रक्त ओढायची सक्शनची नळी कोण धरणार?

"वही सिस्टर."

श्वास थांबला तर?

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "मॅडम, ऐसा कुछ नहीं होता, सब ऐसे ही करवाते हैं."

मी फोन ठेवला. हात थरथरत होते.

त्या रात्री मी जागून वाचत बसले. गुंगीच्या पायऱ्या असतात: हलकी, मध्यम, खोल, आणि त्यापुढे पूर्ण भूल. एकाच मात्रेनं एक माणूस नुसता सुस्तावतो आणि दुसरा दोन पायऱ्या खाली घसरतो. म्हणून नियम असा की जितकी गुंगी द्यायची ठरली आहे, तिच्या पुढच्या पायरीवर माणूस गेला तरी त्याला परत आणता येईल अशी टीम आणि सामान खोलीत हवं. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या आणि बालदंतवैद्यांच्या संस्थांनी २०१९ मध्ये आपली मार्गदर्शक तत्त्वं सुधारली. दंत क्लिनिकमध्ये मुलाला खोल गुंगी किंवा भूल द्यायची तर दात बघणारा वेगळा आणि भूल सांभाळणारा प्रशिक्षित माणूस वेगळा, असं त्यात स्पष्ट आहे. ब्रिटनमध्ये तर २००२ पासून पूर्ण भूल देऊन दातांचं काम फक्त रुग्णालयातच होतं. दादा लहान मूल नाही, पण ही गोष्ट त्यालाही लागू आहे: एकाच माणसाचे डोळे एकाच वेळी दाढेवर आणि छातीवर राहू शकत नाहीत.

कोविडमध्ये घेतलेला बोटावरचा ऑक्सिमीटर आमच्याकडे आहे, आणि मला वाटायचं तो लावला की झालं. तसं नाही. वरून ऑक्सिजन चालू असेल तर श्वास थांबल्यावरही आकडा काही वेळ चांगलाच दिसत राहतो, खाली यायला लागतो तेव्हा हातातला वेळ गेलेला असतो. बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजणारं कॅप्नोग्राफ नावाचं यंत्र असतं, त्यावर श्वास थांबल्याचं लगेच कळतं.

सोमवारी मी त्या भूलतज्ज्ञ मॅडमनाच फोन केला, आधी माफी मागितली. त्यांनी पलासियाच्या बाजूचं एक मोठं रुग्णालय सांगितलं. तिथे इको झाला, झडपेची किरकोळ गळती निघाली, काळजीचं काही नव्हतं. मानेचा एक्स-रे आणि थायरॉइडची तपासणी झाली. पीएसीत दादाची चालसुद्धा बघितली, हातात ताकद किती, हल्ली अडखळतो का, हेही विचारलं. निर्णय झाला की गुंगी नकोच, ऑपरेशन थिएटरमध्ये नाकातून नळी घालून पूर्ण भूल द्यायची, म्हणजे श्वासाची वाट सुरक्षित राहील आणि तोंड कामाला मोकळं.

तिथे कागद मागितला तो पालकत्वाचा. दादा सज्ञान आहे, पण संमतीची सही तो समजून करू शकत नाही. बाबा आजारी असताना आम्ही राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकत्वाचं प्रमाणपत्र काढून ठेवलं होतं, म्हणून अडलं नाही. तुमच्या घरी अठरा वर्षांवरचं असं कुणी असेल तर हे आत्ताच करून ठेवा, दाढ दुखायची वाट बघू नका.

दाढा काढायचा दिवस सुरळीत गेला. नंबर पहिला होता. पहाटे थायरॉइडची गोळी घोटभर पाण्याबरोबर द्यायला सांगितली होती. या वेळी मी पोह्यांची ताटली आणि डबी दोन्ही आदल्या रात्रीच पिशवीत भरून दादाला दाखवली, "उद्या दवाखान्यानंतर." तो ती पिशवी मांडीवर घेऊन गाडीत बसला आणि एकदाही अडला नाही. थिएटरच्या दाराशी सिस्टरनी त्याची नखं बघितली; माझ्या मुलीनं दोन दिवसांपूर्वी त्याला लाल नेलपॉलिश लावलं होतं, त्याच्याच हट्टानं. ऑक्सिमीटरच्या आकड्यात त्यानं गडबड होऊ शकते, म्हणून एका बोटाचं पुसलं. एकाच बोटाचं. बाकीची नऊ तशीच ठेवली, हे मी त्या सिस्टरचं कधी विसरणार नाही.

पावणेदोन तासांनी तो रिकव्हरीत आला. पूर्ण जागा होऊन, हाकेला ओ देऊन, पाणी पिऊन ते टिकेपर्यंत सोडलं नाही. पूर्वीच्या घोरण्यामुळे रात्रभर ठेवून घेतलं, मॉनिटर लावून. त्या पहिल्या क्लिनिकनं त्याला "आधे घंटे का काम है" म्हणून घरी पाठवलं असतं, आणि रात्री तो आमच्या शेजारी घोरता घोरता थांबला असता तर आम्हाला कळलं असतं का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

घरी आणताना गाडीत दोन मोठी माणसं हवीत. एक चालवायला, आणि दुसरं मागे शेजारी बसून डोकं बघायला. पेंगताना हनुवटी छातीवर पडली की श्वासाची वाट दबते. एबी रोडच्या गर्दीत मी सगळा रस्ता त्याच्या कपाळाला हात लावून होते. आणि ओठ बधिर असेल तोवर लक्ष ठेवा, बधिर ओठ चावून फोडून घेतात, कळत नाही.

त्या पहिल्या क्लिनिकला मी लेखी अर्ज दिला आहे, दोन हजारांसाठी आणि त्या रविवारच्या फोनसाठीही. तारीख, वेळ, बोललेलं वाक्य, सगळं लिहिलं आहे. पोच घेतली आहे. उत्तर आलेलं नाही, मी पुन्हा जाणार आहे.

हिरड्यांची सफाई आता दर काही महिन्यांनी लागेल, आणि दर वेळी भूल देणं बरं नाही. म्हणून रुग्णालयातल्या दातांच्या डॉक्टरांनी सुचवलं की दादाला नुसतं खुर्चीत बसायला आणत जा, काही करायचं नाही. एक शनिवार सोडून आम्ही जातो. पहिल्या वेळी तो दारातच उभा राहिला. दुसऱ्या वेळी खुर्चीच्या कडेला टेकला. परवाच्या शनिवारी त्यानं छोटा आरसा हातात घेतला, आधी डॉक्टरांच्या तोंडात बघितलं, आणि मग स्वतः आऽ केलं.